मध्यरात्रीपासून फास्ट

मंगळवारी शेरझाद वर्गात आला तो पोट धरून.
हर्नियाचं ऑपरेशन झालंच नव्हतं.
नर्स रागावली, म्हणाला, का ते कळलं नाही,
आणि खिशातून पत्र काढलं,
घड्यांवर विरत आलेलं.
एका ओळीखाली इस्पितळानंच जाड रेघ मारलेली:
मध्यरात्रीपासून फास्ट.

त्यानं अगदी तसंच केलं होतं.
बाराला गजर लावून उठला,
चार उकडलेली अंडी, अर्धा पाव, कालचा भात
उभ्या उभ्या, न चावता.
"जमेल तितकं फास्ट, मिस.
ठसका लागला, तरी थांबलो नाही."

वर्ग हसला. मीही.
मग मार्कर हातात तसाच राहिला.
एकवीस वर्षं हा शब्द शिकवतेय मी,
हल शहरात, चॅपलमागच्या या खोलीत,
जिचं दार ओलीनं फुगून बसतं
आणि खांदा दिल्याशिवाय उघडत नाही.
दर वर्षी तेच चित्र काढते:
एक मोटार, मागे तीन रेघा.
त्या रेघांनी त्याला चार अंडी खायला घातली.

लेतेबर्हान मागच्या बाकावरून बोलली.
ती सहसा बोलत नाही.
"हा शब्द माझ्या ओळखीचा आहे.
दूध नाही, लोणी नाही, अंडं तर नाहीच,
दुपार कलेपर्यंत पाण्याचा थेंब नाही.
एरिट्रियात आई धरायची, इथे मी धरते.
आणि मिस, त्या दिवसाइतका हळू
दुसरा कुठलाच दिवस जात नाही."

शेरझादनं तिच्याकडे पाहिलं,
मग माझ्या मोटारीकडे.
एकाच शब्दाच्या पोटात
भरलेलं ताट आणि पालथं ताट?

दाइवा मासळीच्या कारखान्यातून थेट येते,
तिला तिचा लाल स्वेटर आठवला.
लेबलवर लिहिलं होतं, रंग फास्ट.
"मला वाटलं, भराभर जाणार, म्हणून स्वस्त.
सहा हिवाळे झाले. धरून बसलाय."

मग बोर्डावर मी ब्रेकफास्ट लिहिलं
आणि मधोमध एक उभी रेघ ओढली.
कोणीतरी "ओ" म्हणालं.
सकाळच्या टोस्टमागे इतकी वर्षं
रात्रभराचा उपास लपून बसला होता,
आणि आम्ही त्याच्यावर मुरांबा लावत होतो.

एक अर्थ मी सांगितला नाही.
जुन्या गोदीवर, मी सात वर्षांची,
वडील ट्रॉलरवरून दोर फेकायचे.
मेक हर फास्ट, मॉरीन!
ओला, माझ्या मनगटाहून जाड दोर.
मी खुंटाला तीन वेढे घालायचे,
टाचा रोवून धरायचे,
आणि अख्खं जहाज, आतल्या एकवीस माणसांसकट,
कुरकुरत माझ्यापाशी थांबायचं.
खरं तर मागे हॅरी ब्लेंकिन उभा असायचा,
त्याचे हात माझ्या हातांच्या वर.
ते मला फार उशिरा कळलं.

नवी तारीख आली, पुढचा गुरुवार.
शेरझादनं पत्र पुन्हा माझ्यासमोर धरलं.
रेघेखाली आता त्याच्या लिपीत काहीतरी,
उजवीकडून डावीकडे.
काय लिहिलंस?
"अंड्यांना हात लावू नको."

बुधवारी रात्री झोप येईना.
चीज टोस्ट केला, एक घास घेतला,
आणि भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले.
आईचं घड्याळ. वडिलांची भरती चुकू नये म्हणून
तिनं ते दहा मिनिटं पुढे ठेवलेलं.
ती गेली, ते गेले, ट्रॉलरचं भंगार झालं,
मी काटे मागे केले नाहीत.

उरलेला टोस्ट झाकून ठेवला.
नदीपलीकडच्या त्या खोलीत
शेरझादला अजून दहा मिनिटं
खुशाल जेवता येणार होतं.